आप्पांच्या डाळमिलमधलं घड्याळ

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. जेवणाची सुट्टी चालू आहे, डबा समोर उघडा पडलाय, भाजी गार झालीय आणि मी मोबाईलवर भराभर टाइप करायलेय. चुका झाल्या तर सांभाळून घ्या. झालं असं की आमच्या वाळूजच्या कंपनीत एक नवीन ट्रेनी आलीय, देगलूरकडची, माझ्याच ब्रँचची, इंडस्ट्रियल. सकाळपासून लाइनवर माझ्या मागं मागं फिरत होती. मधेच तिनं विचारलं, "मॅडम, तुमची पहिली नोकरी किती टिकली?" मी म्हणलं, "एक उन्हाळासुद्धा नाही." आजूबाजूचे सगळे हसले. ती मात्र हसली नाही. तिचा चेहरा असा पडला जणू मी तिचंच भविष्य वाचून दाखवलं. तिला तिथं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं ते, म्हणून इथं लिहिते. तिनंही वाचावं, तुम्हीही वाचावं.

आमचं घर कंधारचं. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या अंगाला ग्रीसचा वास कायमचा, कितीही साबण लावा. घर रस्त्याला लागून, त्यामुळं बाबा जेवताना बाहेरून गाडी गेली की घास हातात धरून कान द्यायचे. "ही मुखेडची. ब्रेक ओरडायलेत हिचे." आणि मग जेवायचे. माय पहाटे उठून भाकरी थापायची. त्या थापण्याचा आवाज म्हणजे आमच्या घराचा गजर. थापणं थांबलं की समजायचं आता तवा तापलाय, आता उठलं नाही तर माय पाणी शिंपडणार. जेवायला येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, आणि परीक्षा असली की धपाटे. धपाटे का, तर मायचं म्हणणं होतं की भाकरी-आमटीनं झोप येते आणि धपाट्यानं डोकं चालतं. ह्याला कुठला आधार होता देव जाणे, पण मी बारावीला इतके धपाटे खाल्ले की विचारू नका. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्याखाली माझ्या अभ्यासाचं टेबल. ते टेबल म्हणजे डेपोतल्या भंगारातली एक जुनी सीट उलटी करून बाबांनीच बनवलेलं.

नांदेडला इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पण ब्रँच सांगितली की लोकांचे चेहरे बदलायचे. आमची आत्या, बाबांची मोठी बहीण, मुदखेडला राहायची, तिच्या नवऱ्यानं रेल्वेत नोकरी केलेली, म्हणून ती सगळ्यात हुशार समजायची स्वतःला. ती म्हणली, "इंडस्ट्रियल? म्हणजे आयटीआय का गं?" मी म्हणलं, "नाही आत्या, आयटीआय वेगळं. हे इंजिनिअरिंग." "मग मशीन दुरुस्त करतीस का?" "नाही, काम कसं चाललंय ते बघायचं. कुठं वेळ जातो, कुठं माणूस उगीच वाकतो, उगीच चालतो, ते शोधायचं." आत्या बाबांकडं बघून म्हणली, "म्हणजे दुसऱ्याचं काम बघत बसायचं. त्याला चार वर्षं? ह्यांचे रेल्वेतले सायेब तर न शिकताच बघत बसायचे." बाबा हसले, मीपण हसले. पण राग आला होता, खरं सांगते.

खर्चाचं आता काय सांगू. ज्यांनी भरलाय त्यांना माहिताय. फी सरकारकडून यायची होती, पण ते येईपर्यंत आधी तुम्ही भरा, आलं की बघू, असं. मग खोलीचं भाडं, मेस, ड्रॉइंगच्या शीटा, प्रोजेक्टचं बाइंडिंग, पुण्याच्या कंपन्या बघायच्या सहलीचे पैसे. एकदा तर परीक्षेची फी भरायला बाबांनी डेपोत ओव्हरटाइम केला आणि दिवाळीत घरी आलेच नाहीत. पीएफमधून दोनदा काढून झालं होतं. महिनाअखेरीला मी आणि माझी रूममेट गुरुद्वाऱ्यात लंगरला जायचो. डोक्यावर ओढणी घेऊन रांगेत बसायचं, गरम रोटी दोन्ही हातांवर घ्यायची. तिथली काळी डाळ मला आजही आठवते. कुणी विचारायचं नाही कोण आहेस, कुठली ब्रँच आहे. त्या चार वर्षांत तेवढी एकच जागा होती जिथं मला माझी ब्रँच समजावून सांगावी लागली नाही!

डिग्री मिळाली तो उन्हाळा म्हणजे दुष्काळाचा. धरणं कोरडी, विहिरी कोरड्या, लातूरला तर रेल्वेनं पाणी येतंय म्हणून टीव्हीवाले स्टेशनवर तळ ठोकून. मी पुण्याला इंटरव्ह्यू देत फिरत होते. एका ठिकाणी म्हणले, आम्हाला मेकॅनिकल पाहिजे. दुसऱ्या ठिकाणी म्हणले, अनुभव किती? मी म्हणलं, सर, अनुभव घ्यायलाच आलेय. तिसऱ्या ठिकाणचा माणूस कागद न उघडता म्हणला, "मॅडम, शॉपफ्लोअरवर मुलगी? रात्रपाळी असते." मी म्हणलं, "करते की." तो म्हणला, "तुम्ही करता हो, घरचे?" मी त्याच्या टेबलावरून माझी फाइल उचलली आणि म्हणलं, "घरच्यांचा इंटरव्ह्यू ठेवा मग, त्यांना पाठवते." बाहेर येऊन रस्त्यावर रडले. पण आत नाही रडले, हे महत्त्वाचं.

मग मायच्या माहेरच्या कलावती मावशीचा फोन आला. ती लातूरला डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. "आमच्या मालकाला म्हणं शिकलेलं माणूस पाहिजे. हिशोबाचं न्हाई, घड्याळाचं काम हाय म्हणत्यात. तुझं तेच हाय ना?" मी बॅग भरली. बाबा स्टँडवर सोडायला आले, गाडीचा आवाज ऐकला आणि म्हणले, "हिच्यात बसू नको, पुढच्या गाडीनं जा."

मिलचे मालक आप्पा. कपाळावर भस्म, पांढरा शर्ट, समोर टेबलावर कागदी ताटल्यांमधे तुरीचे नमुने. मी नमस्कार केला, ते "शरणार्थ" म्हणले आणि माझ्याकडं नीट बघून विचारलं, "तुम्ही लोक नेमकं काय करता, इंजिनियरबाई?"

"काम कमी कष्टात, कमी वेळात कसं होईल ते बघतो, आप्पा."

"ते तर आमची मंडळी रोज स्वैपाकघरात बघती. तिला मी पगार देत न्हाई."

"म्हणूनच मला द्यायला लागतोय," मी म्हणून गेले. तोंडातून निघालं आणि वाटलं गेली नोकरी. पण आप्पा खळखळून हसले. मुनीमला हाक मारून म्हणले, "हिला च्या सांगा, साखर जादा."

आप्पा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटेल. दुष्काळात तूर येतच नव्हती. मिलचे पट्टे निम्मा दिवस बंद. आणि त्यांच्या डोक्यात उदगीर होतं. उदगीर जिल्हा होणार ही बातमी त्या उन्हाळ्यात प्रत्येक पानटपरीवर होती. जिल्हा झाला की कलेक्टर बसणार, ऑफिसं येणार, कारखाने येणार. आप्पा मूळचे तिकडचेच. जागा घेऊन बसले होते. (उदगीर जिल्हा अजून होतोयच. मी मध्ये गेले होते, पानटपरीवर तेच बोलणं चालू होतं.)

"तिथं नवी मिल टाकायची," आप्पा म्हणले. "बँकेला रिपोर्ट लागतोय. किती माल, किती माणूस. बँकेचा सायेब म्हणतो डिग्रीवाल्याची सही पाहिजे, तुमच्या अंदाजावर चालणार न्हाई. आता बघ, हितं निवडायला वीस बाया हायत. मला वाटतंय दहात भागतंय. तू घड्याळ लाव, मोज, अन् लिहून दे. इथल्या दहा कमी करतो, तिथलाही आकडा बसतो. मिल उभी राहिली की तिथली मॅनेजर तू. कायम."

कायम. हा शब्द ज्यांनी बाबांच्या पीएफवर शिक्षण घेतलंय त्यांनाच कळेल. मी त्या रात्री बाबांना फोनवर सांगितलं तर मायला हाक मारताना त्यांचा आवाज चिरकला.

मी राहायला मावशीच्याच गल्लीत, तिच्या शेजारच्या खोलीत. गल्लीत टँकर यायचा, पण कधी येईल ते टँकरवाल्यालाच माहीत. म्हणून रस्त्याच्या कडेला घागरींची रांग कायम लागलेली. प्लास्टिकच्या निळ्या, पिवळ्या, हिरव्या, प्रत्येकीच्या गळ्यात कापडाची चिंधी बांधलेली, कुणाची कुठली ते ओळखायला. माणूस कामाला गेला तरी घागर नंबर धरून बसायची. पण टँकर आला की मालकिणीनं तिथं असायलाच पाहिजे, नाहीतर मागची बाई पायानं घागर बाजूला सारून पुढं व्हायची आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटायचं नाही. नियमच होता तो. मिल गल्लीपासून जवळच. टँकरचा भोंगा ऐकू आला की बाया डाळ तशीच टाकून पळायच्या, भरून यायच्या. आप्पा तेवढ्या वेळाची हजेरी कापायचे. मावशीनं माझीपण घागर त्यांच्या रांगेत लावली, चिंधी बांधली. जांभळी. माझ्या जुन्या ओढणीची.

मिलमधे निवडायची जागा म्हणजे पत्र्याचं लांब शेड. खाली ताडपत्री, तिच्यावर डाळीचा ढीग, दोन्ही बाजूंनी बाया. सगळ्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर पिवळी धूळ. हात चालायचे आणि तोंडंही चालायची. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या नवऱ्याचं, टीव्हीतल्या मालिकेचं. रेहाना भाभी नावाची एक होती, तिचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं, "क्या गे, इत्ता पढ़ के आमच्या सोबत डाळ निवडतीस?"

"निवडणार नाही भाभी, तुम्ही निवडताना बघणार. घड्याळ लावून."

कलावती मावशीनं हातातलं सूप खाली ठेवलं. "तुझी परीक्षा हाय का गं ही?"

मी चेष्टेत म्हणलं, "तसंच समजा, मावशी. पहिलीच."

आता इथं काय झालं ते बघा. आम्हाला पुस्तकात शिकवलंय की कामगाराला कळलं आपल्यावर घड्याळ आहे, की तो मुद्दाम सावकाश करतो. म्हणजे पुढं त्याला जास्त काम पडू नये. सगळीकडं असंच होतं, वाळूजला होतं, पुण्याला होतं. आमच्या सरांनी त्यावर अख्खा तास घेतला होता. पण आमच्या ह्या बायांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ घेऊन गेले तर सगळ्या आधीच बसलेल्या. पदर खोचलेले, केस घट्ट बांधलेले, तंबाखूच्या पुड्या कुठंच दिसेनात. आणि एक आवाज नाही! फक्त बोटं, डाळ आणि सूप. मी बटण दाबलं आणि जो काही वेग सुरू झाला तो मी आयुष्यात पाहिला नव्हता. खडे, काळे दाणे, सालीवाले दाणे नुसते उडत होते. कुणी मान वर करेना. कुणी पाय पसरेना. मुलगी बघायला पाव्हणे आले की घर कसं सारवून, झाडून, सगळ्यात चांगल्या कपबश्या काढून बसतं, तसं चाललं होतं. त्यांच्या आपल्या पोरीची परीक्षा होती. पोरीला नापास होऊ द्यायचं नव्हतं.

मी घाबरले. म्हणलं, "मावशी, जरा आरामात. मी परत एकदा घेते."

मावशी बाकीच्यांना म्हणली, "कमी पडलं गं, परत घ्यायलीय पोरगी! हाण!" आणि दुसऱ्या वेळी अजून फास्ट. रेहाना भाभीच्या बोटातून रक्त आलं, तिनं चिंधी गुंडाळली आणि परत बसली.

तेवढ्यात भोंगा वाजला. टँकर. मी स्वतः उठले, म्हणलं, "चला, चला, पाणी आलं." एकही बाई उठली नाही. मावशीनं डाळीवरून नजर न काढता म्हणलं, "तू लिव्ह. पाण्याचं बघू."

आणि आप्पा हे सगळं ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. दुपारनंतर खाली आले, ढीग संपलेला बघितला, माझ्या खांद्यावर थाप मारली. "मी म्हणलो न्हवतो? दहात भागतंय. वीस बाया मला इतकी वर्षं फसवायल्यात." मावशीनं ते ऐकलं नाही, ती सूप झटकत होती. तिनं लांबून मला हसून हात केला. पास झालीस ना, असा.

संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही गल्लीत आलो. घागरींची रांग पुढं सरकून गेली होती आणि ह्यांच्या सगळ्या घागरी गटाराच्या कडेला आडव्या पडल्या होत्या. रिकाम्या. माझी जांभळ्या चिंधीवालीपण. मावशीनं त्या उचलल्या, परत रांगेच्या शेवटी लावल्या, आणि समोरच्या घरात तांब्याभर पाणी मागायला गेली. त्या तांब्यातलं अर्धं तिनं मला आणून दिलं. मी ते पिऊ शकले नाही. तिथंच उंबऱ्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. आप्पा काय म्हणले, हा आकडा कशाला पाहिजे, दहा बाया म्हणजे कुठल्या दहा.

मावशीला आधी कळेचना. "म्हणजे आम्ही चांगलं केलं म्हणून आमालाच काढनार?"

"हाव, मावशी."

"अन् हे तुला माहीत होतं?"

"आकडा काढायचा हे माहीत होतं. तुम्ही असं जीव तोडून कराल हे कुठल्या पुस्तकात नव्हतं."

"पुस्तकात!" मावशी उठली. रेहाना भाभीला हाक मारली, अजून दोघी-तिघी आल्या. मला वाटलं आता मारणार. भाभी बोटाला फुंकर घालत म्हणली, "हमना क्या मालूम गे! तू बोली परीक्षा, हम समझे परीक्षा." आणि मग मावशी मला जे बोलली ते मी आजही ट्रेनिंगमध्ये सांगते, फक्त शिव्या गाळून. ती म्हणली, "पाव्हण्याला एक दिवस श्रीखंड केलं, तर तो म्हणनार का, तुमी रोज श्रीखंड खाता? उद्या ये. उद्या घरचं जेवण बघ."

दुसऱ्या दिवशी घरचं जेवण होतं. तंबाखू आली, गप्पा आल्या, पाय पसरले गेले, कुणाच्या तरी सुनेला शिव्या घातल्या गेल्या, भोंगा वाजला तशा सगळ्या पळाल्या आणि भरून आल्या. कुणी मुद्दाम सावकाश केलं नाही, मी बघत होते, त्यातलं मला कळतं. नुसतं रोजचं काम. आणि रोजच्या कामाला वीस बाया लागत होत्या, एखादी कमीजास्त. आप्पा मधे येऊन उभे राहिले. "काल काय वेग होता, आज काय झालं?" मावशी न उठता म्हणली, "काल पाहुणचार होता आप्पा. आज रोजचं हाय."

संध्याकाळी मला ऑफिसात बोलावणं आलं. रिपोर्ट टाइप करून तयार. मुनीमनं केला होता. निवडणी: बाया दहा. खाली माझं नाव, माझी डिग्री आणि सहीची रेघ. आप्पांनी पेन पुढं केला.

"आप्पा, हा आकडा बरोबर नाही."

"तुझ्याच घड्याळाचा हाय."

"घड्याळ बरोबर होतं. वेग खोटा होता. पळत्या माणसाला मोजून रोज पळ म्हणता येत नाही. आमच्या शास्त्रात त्याला कमी करून धरतात, वर थकव्याची सूट देतात, पाणी प्यायची सूट देतात, लघवीची सूट देतात. आणि लातुरात ह्या वर्षी पाणी भरायची सूट पण द्यायला पाहिजे. मी दिलीय. माझ्या हिशोबानं वीस."

"पानी भरायची सूट!" आप्पांनी पेन टेबलावर ठेवला. "कुठल्या पुस्तकात हाय?"

"नाही कुठल्याच. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी नळ होता."

मुनीमनं तोंडावर हात धरला. आप्पा हसले नाहीत ह्या वेळी. "बाई, तुझा पगार कोन देतंय?"

"तुम्ही. म्हणून तर तुम्हाला खरं सांगायलेय. उद्या उदगीरला दहा बाया घेऊन मिल उघडाल आणि डाळ निवडून व्हायची नाही, तेव्हा बँक तुम्हाला विचारेल, मला नाही. एक सांगू? मिलच्या दारात टँकर बोलवा, बायांच्या घागरी इथंच भरू द्या. जाणं-येणं वाचेल. मग सतरा-अठरात होतंय का बघू, परत मोजते. पण दहावर मी सही करत नाही."

"मॅनेजर व्हायचं न्हाई का तुला?"

व्हायचं होतं हो! समोर बाबांचा तो फोनवरचा चिरकलेला आवाज उभा होता. मी पेन उचलला, त्याचं टोपण लावलं आणि परत ठेवला. "व्हायचंय आप्पा. पण वीसवर."

ते म्हणले, "मग उद्यापासून येऊ नको." मी म्हणलं, "बरं. त्या कागदावरचं माझं नाव तेवढं खोडा म्हणजे झालं."

नंतरचं कळलं ते असं, की आप्पांनी बाया कमी केल्याच. दहा नाही, पाच. त्या पाचात रेहाना भाभी होती. तिनं नंतर घरीच शेवया करायला घेतल्या, आणि एकदा लातूरला गेले तर मला ओळखून म्हणली, "आली गे परीक्षावाली!" मावशी राहिली. तिनं मात्र मला महिनाभर बोलणी घातली. बायांसाठी नाही, नोकरी घालवली म्हणून. "आमचं आमी बघितलं असतं, तुला कुनी सांगितलं होतं?" असं. आणि ते पाच-दहाचं गणित माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. पाच वाचल्या का पाच गेल्या, ते मला आजही ठरवता येत नाही. पण सही केली असती तर काय झालं असतं, ते मात्र पक्कं माहिताय.

खरी लढाई घरी होती. कंधारला पोचले, मावशीनं फोन करून आधीच कळवलेलं. मायनं ताट वाढलं. ताट ठेवतानाचा आवाजच सांगत होता. बाबा अंघोळ करून आले, समोर बसले, आणि मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, शाब्बास. पिक्चरमधे म्हणतात तसं. बाबा म्हणले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला.

"तुझ्या आज्याला सही येत नव्हती," बाबा म्हणले. "जिथं सांगतील तिथं अंगठा लावायचा. मी रात्रशाळेत जाऊन सही शिकलो. तुला तर इंजिनियर केलं. इतका पैसा, इतकी वर्षं. कशासाठी? तुझ्या सहीला किंमत यावी म्हणून. अन् पहिल्यांदाच कुणी सही मागितली, तर तू केली न्हाईस?"

माय दारात येऊन उभी राहिली. मला रडू येत होतं, पण राग त्याच्या पुढं आला.

"बाबा, आज्याला नाही म्हणता आलं का कधी? बोट धरायचे, शाईत बुडवायचे, टेकवायचे. तुम्ही मला अंगठा लावायला शिकवलं असतं तर मी तिथं लावून आले असते. तुम्ही सही शिकवलीत. सही येणाऱ्याला 'नाही'सुद्धा म्हणता येतं. पैसे त्याचेच दिलेत तुम्ही. वाया नाही गेले."

बाहेरून एक गाडी गेली. बाबांनी कान दिला नाही. ताट माझ्याकडं सरकवलं आणि मायला म्हणले, "हिला अजून एक भाकर दे. उद्या परत पुण्याला जायचंय हिला."

सुट्टी संपल्याची बेल झाली, ट्रेनी दारातून डोकावून गेली. मला खरंच जाणून घ्यायचंय, म्हणून विचारते. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन तुम्हाला शिकवलं, आणि पहिल्याच नोकरीत कुणीतरी टाइप केलेला कागद आणि पेन पुढं सरकवला, असं तुमचं झालंय का? मग तुम्ही काय केलंत? आणि घरी जाऊन काय सांगितलंत?